जुने इंजिन, नवे पेट्रोल

१ एप्रिल १९९५ रोजी दिल्ली, मुंबई आणि तेव्हाची कलकत्ता व मद्रास या चार महानगरांतील निवडक पंपांवर शिसेविरहित पेट्रोलची विक्री सुरू झाली, तेव्हा जुन्या गाड्यांच्या मालकांसमोर एक साधाच पण अवघड प्रश्न उभा राहिला : हे नवे पेट्रोल आपल्या गाडीला चालेल काय? नव्या मोटारींसाठी ते बंधनकारकच होते. प्रश्न होता तो आधीपासून रस्त्यावर धावणाऱ्या लक्षावधी गाड्यांचा. तीस वर्षांनंतर, २०२५ च्या पावसाळ्यात, हाच प्रश्न शब्दशः पुन्हा विचारला गेला. फरक एवढाच, की पूर्वी पेट्रोलमधून काहीतरी काढून घेतले जात होते आणि या वेळी त्यात काहीतरी मिसळले गेले होते. वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवरून उठलेल्या या वादात दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलले गेले. परंतु देशाने एकदा असे स्थित्यंतर पार पाडलेले आहे आणि त्यातून काही शिकण्यासारखे आहे, याचे स्मरण फार थोड्यांना झाले.

पेट्रोलमध्ये शिसे आलेच कशासाठी, येथपासून सुरुवात करावी लागते. सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण दाबले जाते व ठिणगी पडल्यावर त्याची ज्योत एका बाजूने पसरत जाते. इंधन हलक्या दर्जाचे असेल तर ज्योत पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण आपोआप पेट घेते आणि धातूवर हातोडी मारल्यासारखा आवाज येतो. बोरघाट चढताना वरचा गिअर न सोडणाऱ्या चालकांनी हा ठोका पूर्वी हमखास ऐकलेला असे. त्यावर उपाय शोधण्याचे काम अमेरिकेत जनरल मोटर्समधील चार्ल्स केटरिंग आणि थॉमस मिजली हे करीत होते. ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड या शिशाच्या संयुगाचे काही थेंब इंधनात घालताच इंजिनाचा ठोका थांबला. १९२३ च्या फेब्रुवारीत ओहायो राज्यातील डेटन येथे अशा पेट्रोलची विक्रीही सुरू झाली.

येथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवायला हवी. मद्यार्क, म्हणजेच आजचे इथेनॉल, मिसळल्यानेही हा ठोका थांबतो हे या दोघांना ठाऊक होते. त्यावर त्यांनी प्रयोगही केले होते. परंतु मद्यार्क पुष्कळ प्रमाणात लागतो आणि तो कोणीही गाळू शकतो. शिशाचे संयुग मात्र किंचितसे पुरते आणि त्यावर हक्क सांगता येतो. व्यापाराने शिसे निवडले. त्याचे नावही 'एथिल' असे ठेवण्यात आले, जेणेकरून शिसे हा शब्द गिऱ्हाइकाच्या कानावर पडू नये. १९२४ च्या ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात या संयुगाच्या विषबाधेने पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मरण पावले. विक्री काही काळ थांबली, १९२५ मध्ये परिषद भरली, आणि पुढे पन्नास वर्षे जगभरच्या गाड्या शिसे ओकत राहिल्या. शंभर वर्षांपूर्वी नाकारलेला मद्यार्कच आज शिशाच्या रिकाम्या जागेवर येऊन बसला आहे, हा काळाचा न्याय मोठा गमतीचा म्हटला पाहिजे.

ठोका थांबविणे हे शिशाचे नेमलेले काम. पण न नेमलेले आणखी एक काम ते गुपचूप करीत होते, आणि जुन्या इंजिनांची सारी चिंता त्यातूनच निर्माण झाली. इंजिनातील जळालेला वायू बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह लालभडक तापतो आणि मिनिटाला हजारेक वेळा आपल्या बैठकीवर, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत 'सीट'वर, आदळतो. जळालेल्या शिशाच्या संयुगांचा एक अतिशय पातळ थर या सीटवर बसत असे. तो दोन धातूंच्या मध्ये वंगणासारखा काम करी. थर नाहीसा झाला की तापलेला व्हॉल्व्ह सीटला सूक्ष्म प्रमाणात चिकटतो, सुटताना धातूचा कण ओरबाडून काढतो, आणि हे लाखो वेळा घडले की सीट झिजून व्हॉल्व्ह हळूहळू हेडमध्ये रुतू लागतो. गंमत अशी, की व्हॉल्व्ह आत रुतल्याने टॅपेटमधली फट कमी होते आणि त्याचा टकटक आवाज बंद पडतो. मालकाला वाटते, नव्या पेट्रोलने गाडी सुरेल झाली. फट पुरती संपली की व्हॉल्व्ह बंदच होत नाही, दाब निसटतो, गरम वायूने व्हॉल्व्हची कड जळते आणि मग हेड उतरविण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

म्हणजे भीती निराधार नव्हती. मात्र ती सर्वांना सारखी लागू नव्हती, आणि हाच मुद्दा सर्वसामान्य चर्चेत हरवला. ज्या इंजिनाचे हेड बिडाचे असते आणि सीट त्याच बिडातून कोरून काढलेली असते, त्याला हा धोका. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये मुळात सीट कोरून भागत नाही. ॲल्युमिनियम मऊ असल्याने कठीण धातूच्या वेगळ्या सीट ठोकून बसवाव्याच लागतात. त्यामुळे अशी इंजिने बरीचशी सुरक्षित. आपल्याकडे त्या वेळी रस्त्यावर असलेल्या गाड्यांना ही कसोटी लावून पाहिली तर चित्र स्पष्ट होते. ॲम्बेसेडरचे १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या जुन्या घराण्यातले. त्याचे हेड बिडाचे. फियाटच्या अकराशेवरून आलेल्या प्रीमियर पद्मिनीचे हेड ॲल्युमिनियमचे. मारुती ८०० तर नव्या पिढीची, तिला चिंताच नव्हती. आणि देशातील वाहनांत ज्यांची संख्या सर्वाधिक होती त्या दुचाकींपैकी बजाज चेतक, राजदूत, येझदी, जावा यांची इंजिने टू-स्ट्रोक. त्यांना असे व्हॉल्व्हच नसतात. वायूची ये-जा सिलिंडरच्या भिंतीतील छिद्रांतून होते. जे अस्तित्वातच नाही ते झिजणार कसे? ज्या प्रश्नाने अनेक स्कूटरमालक धास्तावले होते, तो प्रश्न त्यांचा नव्हताच.

ज्यांचा होता, त्यांच्यासाठीही सारे काही गाडी कशी हाकली जाते यावर अवलंबून होते. अमेरिकेत १९८० च्या दशकात शिसे हटविण्याचा निर्णय अंतिम टप्प्यात आला तेव्हा जुन्या पेट्रोल ट्रॅक्टरांच्या मालक शेतकऱ्यांनी मोठी ओरड केली. तेथील पर्यावरण आणि कृषी या दोन्ही खात्यांनी मिळून शेतीयंत्रांच्या इंजिनांवर चाचण्या केल्या. हलके काम करणाऱ्या, मंद गतीच्या इंजिनांत झीज नगण्य आढळली. सतत पूर्ण भारावर आणि वाढत्या फेऱ्यांवर चालणाऱ्या इंजिनांत ती खरोखरच झाली. शिवाय वर्षानुवर्षे शिसे खाल्लेल्या इंजिनातील जुना थर शिसे बंद झाल्यावरही काही हजार किलोमीटर कामी येतो. महानगरांच्या गर्दीत ताशी तीस-चाळीसच्या वेगाने रखडणाऱ्या ॲम्बेसेडरला यामुळे फारसा धोका पोहोचला नाही. वेगाने सलग तास-तासभर गाडी पळविण्याची सोयच आपल्या रस्त्यांनी त्या काळात ठेवली नव्हती; मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्णपणे खुला झाला तो २००२ मध्ये. खराब रस्त्यांचे एवढे उपकार तरी मानावे लागतील.

व्हॉल्व्ह-सीटच्या झिजेवर उपायही माहीत होता : हेड उतरवून कठीण धातूच्या सीट बसविणे. ज्या गाडीचे हेड कधी ना कधी उघडले जाणारच होते, तिच्या मालकाला त्याच वेळी हे काम उरकून घेता येत होते. ब्रिटनने मधला मार्ग काढला. तेथे १९९९ अखेर शिसेयुक्त पेट्रोलची सर्वसाधारण विक्री थांबली तेव्हा जुन्या गाड्यांसाठी पोटॅशियमसारखी द्रव्ये मिसळलेले वेगळे पर्यायी पेट्रोल पंपांवर ठेवण्यात आले. मागणी घटत गेली तसे तेही काही वर्षांत आपोआप नाहीसे झाले.

भारताने काय केले, हे आता तपशिलात पाहण्यासारखे आहे. एके काळी आपल्या पेट्रोलमध्ये लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसे असे. तीस लिटरची टाकी भरली म्हणजे जवळपास सतरा ग्रॅम शिसे गाडीत शिरे आणि त्याचा बराचसा भाग धुरावाटे रस्त्यावर, फुटपाथवर आणि घरांच्या खिडक्यांत जाऊन बसे. १९९४ च्या जूनमध्ये चार महानगरांत हे प्रमाण ०.१५ ग्रॅमवर आणले गेले. १९९५ च्या एप्रिलपासून तेथेच नव्या मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि त्यांच्यासाठी शिसेविरहित पेट्रोल आले. कन्व्हर्टरमधील प्लॅटिनमसारख्या धातूंवर शिसे बसले की तो निकामी होतो, म्हणून या दोन गोष्टी एकत्रच येणे भाग होते. १९९७ च्या सुमारास कमी शिशाचे पेट्रोल देशभर पोहोचले. दिल्लीत, जेथे एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालय सरकारच्या पाठीशी लागले होते, १९९८ च्या सप्टेंबरमध्ये शिसेयुक्त पेट्रोल पूर्ण बंद झाले. आणि १ फेब्रुवारी २००० पासून ते साऱ्या देशातून हद्दपार झाले.

या पायऱ्यांमध्ये सुमारे पाच वर्षे अशी होती, की दोन्ही प्रकारचे पेट्रोल बाजारात उपलब्ध होते. ही व्यवस्था निर्दोष मुळीच नव्हती. कन्व्हर्टर असलेली नवी मोटार घेऊन महानगराबाहेर पडणाऱ्याला वाटेत योग्य पेट्रोल मिळेलच याची शाश्वती नव्हती. एकदा चुकीचे पेट्रोल टाकीत पडले तरी महागडा कन्व्हर्टर बिघडण्याची भीती. दुसरी अडचण अधिक गंभीर होती. शिसे काढल्यावर ऑक्टेन राखण्यासाठी बेन्झीनच्या कुळातील घटक वाढण्याचा संभव असतो, आणि बेन्झीन कर्करोगकारक आहे. ज्या जुन्या गाडीला कन्व्हर्टर नाही, तिच्या धुरातून ते बाहेर पडणार. या प्रश्नाचा निकाल बेन्झीनवर मर्यादा घालून, आणि ती पाच टक्क्यांवरून पुढे एक टक्क्यापर्यंत खाली आणून लावावा लागला. शुद्धीकरण कारखान्यांना त्यासाठी नवी यंत्रसामग्री उभारावी लागली. परंतु एकंदरीत पाहता जुन्या गाडीच्या मालकाला समजून घेण्यास, विचारण्यास आणि दुरुस्तीची तजवीज करण्यास वेळ मिळाला. जुन्या इंजिनांचा जो प्रलय भाकित केला गेला होता तो आला नाही, याचे श्रेय धातुशास्त्राइतकेच या संथपणालाही आहे.

हे सारे ज्याच्यासाठी केले ते साध्य झाले काय? अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९९० च्या दशकाच्या आरंभापर्यंत लोकांच्या रक्तातील शिशाची सरासरी पातळी तीन चतुर्थांशांहून अधिक खाली आली, आणि त्या उतरणीचा आलेख पेट्रोलमधील शिशाच्या आलेखाशी जवळजवळ समांतर आहे. आपल्याकडे १९९० च्या दशकाच्या अखेरीस बंगळूरच्या जॉर्ज फाउंडेशनने प्रमुख शहरांतील मुलांचे रक्त तपासले होते. निम्म्याहून अधिक मुलांच्या रक्तात तेव्हा धोक्याची मानलेली, दर डेसिलिटरला दहा मायक्रोग्रॅमची पातळी ओलांडलेली आढळली. मुंबईत हे प्रमाण साठ टक्क्यांच्या घरात होते. शिसे बंद झाल्यानंतर २००२ मध्ये मुंबईतील मुलांची पुन्हा पाहणी झाली तेव्हा ते सुमारे एकतृतीयांशावर आलेले होते. दोन पाहण्यांची तुलना करताना थोडी सावधगिरी हवी हे मान्य केले, तरी दोन-तीन वर्षांत घडलेला हा बदल लहान नाही. शिसे लहान मुलांच्या वाढत्या मेंदूवर घाला घालते आणि त्याची कोणतीही पातळी निर्धोक नाही. तेव्हा ॲम्बेसेडरचा व्हॉल्व्ह एका पारड्यात आणि गिरगावातील, धारावीतील मुलांची बुद्धी दुसऱ्या पारड्यात, असा तो सौदा होता. त्यात कोणते पारडे जड, याविषयी कोणाही सुजाण माणसाच्या मनात शंका असण्याचे कारण नव्हते. (शिशाचे संकट त्याने संपले असे मात्र नव्हे. बॅटऱ्यांची अनिर्बंध मोडतोड, रंग आणि भेसळ यांतून ते आजही येत राहते. २०२० च्या युनिसेफच्या अहवालाने भारतातील साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात पाच मायक्रोग्रॅमहून अधिक शिसे असल्याचा अंदाज दिला होता.) जगात सर्वांत शेवटी, २०२१ च्या जुलैमध्ये, अल्जीरियाने मोटारींसाठीचे शिसेयुक्त पेट्रोल बंद केले. मिजलींच्या शोधाला तेव्हा शंभर वर्षे पूर्ण होत होती.

आता वर्तमानाकडे वळू. पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळण्याचा विचार आपल्याकडे नवा नाही; १९४८ मध्ये त्यासाठी कायदाही झाला होता. २००१ मध्ये पाच टक्के मिश्रणाचे जे प्रायोगिक प्रकल्प हाती घेतले गेले, त्यांतील दोन महाराष्ट्रातच, मिरज आणि मनमाड येथे होते. पुढे दीड-दोन दशके हा कार्यक्रम रखडत चालला. मग मात्र त्याने विलक्षण वेग घेतला. २०२२ च्या जूनमध्ये दहा टक्क्यांचे उद्दिष्ट गाठले गेले. वीस टक्क्यांचे मूळ उद्दिष्ट २०३० चे. ते पाच वर्षे अलीकडे ओढण्यात आले आणि २०२५ मध्ये पूर्णही झाले. सरकारी यंत्रणेने उद्दिष्ट मुदतीपूर्वी गाठावे, हे एरवी कौतुकास्पदच. परंतु वीस टक्के इथेनॉल पेलणारे सुटे भाग असलेल्या गाड्या १ एप्रिल २०२३ पासूनच सर्वसाधारणपणे बाजारात आल्या. त्याआधी विकल्या गेलेल्या कोट्यवधी गाड्यांच्या पुस्तिकेत दहा टक्क्यांचे, आणि आणखी जुन्या गाड्यांच्या पुस्तिकेत त्याहूनही कमी प्रमाणाचे पेट्रोल गृहीत धरलेले आहे. या गाड्यांसाठी पंपावर वेगळे पेट्रोल शिल्लक राहिले नाही. शिशाच्या वेळी जी पाच वर्षांची जोडवाट होती, ती या वेळी कोणी बांधलीच नाही.

जुन्या इंजिनांचे नेमके काय होते, याबाबतही तेव्हाप्रमाणेच अर्धवट माहितीचा बाजार भरला. इथेनॉलने इंजिन फुटते, हे खरे नाही. व्हॉल्व्हच्या सीटशी तर या वादाचा फारसा संबंधच नाही. उलट इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढते. खरा प्रश्न इंधन इंजिनापर्यंत पोहोचते त्या वाटेवरचा आहे. जुन्या रबरी नळ्या, कार्बोरेटरमधील ओ-रिंग, गॅस्केट यांना इथेनॉल फुगविते किंवा कडक करते. टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षे साचलेला गंज आणि चिकटा ते सोडवून काढते व तो जाऊन जेटमध्ये अडकतो. इथेनॉल पाणी शोषून घेते. कोकणातील पावसाळ्यात चार महिने गोठ्याच्या पडवीत उभ्या राहिलेल्या मोटारसायकलच्या टाकीत पाणी आणि मद्यार्क तळाशी वेगळे होऊन बसण्याची शक्यता त्यामुळे वाढते. आणि इथेनॉलमध्ये स्वतःचा प्राणवायू असल्याने कार्बोरेटरच्या इंजिनाला मिळणारे मिश्रण विरळ होते, ते अधिक तापते. नव्या इंजेक्शनच्या गाडीत संवेदक ही चूक दुरुस्त करतो. पण भारत स्टेज ६ चे मानक २०२० च्या एप्रिलमध्ये लागू होईपर्यंत आपल्या लहान दुचाकी जवळपास साऱ्या कार्बोरेटरवरच चालत होत्या. शिशाच्या वेळी स्कूटरवाला निर्धास्त होता आणि ॲम्बेसेडरवाला चिंतेत. या वेळी ओझे नेमके दुचाकीवाल्याच्या खांद्यावर आले आहे.

पेट्रोलियम मंत्रालयाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये दिलेल्या स्पष्टीकरणात हे पूर्णपणे नाकारलेले नाही. काही जुन्या गाड्यांतील रबरी भाग आणि गॅस्केट वीस-तीस हजार किलोमीटरनंतर बदलावे लागतील, ते काम स्वस्त आहे आणि नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये होते, असे त्यात म्हटले होते. हे मान्य करता येईल. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांनी केलेल्या चाचण्यांवर अकारण अविश्वास दाखविण्याचे कारण नाही. पण मग प्रश्न उरतो तो ॲव्हरेजचा, आणि तेथे चाचणीपेक्षा अंकगणित पुरेसे आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. पाचवा हिस्सा इथेनॉलचा, म्हणजे लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी. दहा टक्क्यांच्या मिश्रणाशी तुलना केली तर साडेतीन टक्क्यांच्या आसपास. नीती आयोगाच्या जून २०२१ च्या आराखड्यात जुन्या पद्धतीच्या मोटारींसाठी सहा ते सात आणि दुचाकींसाठी तीन ते चार टक्के घट सांगितलेली होती, ती याच्याशी जुळते. शिसे काढल्याने लिटरमधली ऊर्जा कमी झाली नव्हती. म्हणून त्या वेळी मोबदल्याचा प्रश्न उद्भवला नाही. या वेळी तो उद्भवतो, आणि त्याच आराखड्याने अशा इंधनाचा दर कमी ठेवण्याची गरज बोलूनही दाखविली होती. प्रत्यक्षात इथेनॉलची सरासरी खरेदी २०२५ मध्ये लिटरला ७१ रुपयांवर पोहोचली आणि ते पेट्रोलच्या मूळ किमतीहून स्वस्त राहिले नाही, असे कारण देण्यात आले. ते कारण हिशेबी आहे. परंतु पंपावर लिटर मोजून घेणाऱ्याला त्यातून मिळते शून्य.

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका फेटाळली. ऊस उत्पादकांचे हित आणि परकीय चलनाची बचत हे सरकारचे युक्तिवाद होते. २०१४-१५ पासून १ लाख ४४ हजार कोटी रुपयांचे चलन वाचल्याचा आकडा मंत्रालयाने दिला होता. महाराष्ट्राला हा युक्तिवाद सहज उडवून लावता येणार नाही. मळी सडत पडण्यापेक्षा आसवनीत जावी आणि कारखान्याने उसाचे पैसे वेळेवर द्यावेत, हे कोल्हापूर-सांगलीच्या शेतकऱ्याला हवेच आहे. मात्र ७ डिसेंबर २०२३ रोजी साखरेच्या टंचाईच्या भीतीने उसाच्या रसापासून इथेनॉल बनविण्यावर एका रात्रीत बंदी आली आणि काही दिवसांत ती सैल केली गेली, तेव्हा याच शेतकऱ्याचे हित कोणाला आठवले नव्हते. २०२४-२५ मध्ये तर निम्म्याहून अधिक इथेनॉल धान्यापासून, प्रामुख्याने मक्यापासून आले. आणि दुसरी बाजू अशी, की उसाची मोळी बांधणारा आणि दहा वर्षांच्या जुन्या मोटारसायकलवरून दूध घालायला जाणारा माणूस बहुधा एकाच घरातला असतो. त्याला शेतकरी म्हणून दिलेले ग्राहक म्हणून परत घेतले जात असेल, तर हिशेब त्याच्यासमोर मांडायला हवा.

वादात केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी ही टीका पैसे देऊन चालविलेली मोहीम असल्याचे सांगितले. समाजमाध्यमांवरील काही गदारोळाबाबत तसे असेलही. पण जुन्या गाडीच्या मालकाची शंका मोहिमेतून जन्मलेली नाही; ती त्याच्या हातातल्या पुस्तिकेतील छापील ओळीतून जन्मलेली आहे. शिसे काढताना सरकारच्या बाजूला मुलांच्या आरोग्याचे निर्विवाद कारण होते, आणि तरीही पर्याय पाच वर्षे टिकवला गेला. इथेनॉलच्या बाजूची कारणे मोलाची असली तरी तेवढी निर्विवाद नाहीत. तेव्हा ग्राहकाला द्यावयाची सवलत या वेळी अधिक असायला हवी होती. ती कमी दिली गेली.

पर्याय देणे अशक्य होते असेही नाही. ब्रिटनने २०२१ च्या सप्टेंबरमध्ये दहा टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्वसाधारण केले, तेव्हा वरच्या दर्जाच्या पेट्रोलमध्ये पाच टक्क्यांची मर्यादा कायम ठेवली आणि जुन्या गाड्यांना ते भरण्यास सांगितले. आपल्या शहरांतील पुष्कळ पंपांवर साध्या पेट्रोलशेजारी 'प्रीमियम' पेट्रोलची वेगळी टाकी आणि वेगळे नोझल आधीपासून आहे. २०२५ मध्ये त्यातूनही सहसा वीस टक्क्यांचेच मिश्रण येत होते. इथेनॉल नसलेले म्हणून ओळखले जाणारे १०० ऑक्टेनचे पेट्रोल मोजक्या ठिकाणी आणि साध्या पेट्रोलच्या दीडपटीहून अधिक दराने मिळे. ते दुचाकीवाल्याच्या कामाचे नाही. त्या दुसऱ्या नोझलमधून दहा टक्क्यांचे पेट्रोल, साध्याहून थोड्याच अधिक दराने, देता येईल. तालुक्याच्या गावी जेथे एकच टाकी आहे तेथे हे जमणार नाही, हे खरे. तेथे निदान रबरी नळ्या आणि गॅस्केटचा संच कोणत्या मॉडेलला कोणता लागतो, किती रुपयांना मिळतो, हे गाडीच्या कंपनीने जाहीर करावे एवढी सक्ती सरकारला करता येईल. २०२३ च्या मार्चमध्ये विकल्या गेलेल्या शेवटच्या जुन्या पद्धतीच्या गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी २०३८ च्या मार्चपर्यंत आहे. एवढी वर्षे तिच्या टाकीत काय पडणार, हे ठरवायचे बाकी आहे.